हात वर करण्यापूर्वी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



शिबिराच्या संयोजकांनी मला 'सामाजिक मानसशास्त्र आणि व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत यांची प्राथमिक ओळख' असा विषय दिला आहे आणि त्यासाठी पाऊण तास दिला आहे. एवढ्या अवधीत फ्रॉइडपासून पुढच्या सर्व पंथांची नावे वाचून दाखविता येतील, पण ती तुमच्या वहीतच राहतील. शिवाय सकाळच्या सत्रात पराभवाची जी मीमांसा चालली होती ती मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकली. तीत एक वाक्य निदान सहा वक्त्यांच्या तोंडून आले : 'लोकांची मानसिकताच तशी आहे, त्याला आपण काय करणार?' त्या वाक्यापासूनच आरंभ करावा असे मला वाटते, कारण ज्या शास्त्राविषयी मी बोलणार आहे त्यातील निम्मा वाद या एका वाक्याभोवती फिरतो.

माणूस जसा वागतो तसा का वागतो, या प्रश्नाची दोन उत्तरे ढोबळमानाने दिली जातात. तो मुळात तसा आहे म्हणून, हे एक. तो ज्या परिस्थितीत सापडला आहे तीत माणसे तशीच वागतात म्हणून, हे दुसरे. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत मांडणारे पहिल्या उत्तराकडे झुकतात, सामाजिक मानसशास्त्रज्ञ दुसऱ्याकडे. आपण समाजवादी लोक तत्त्वतः दुसऱ्या पक्षाचे. दारिद्र्य हा दरिद्री माणसाचा दोष नसून व्यवस्थेचा दोष आहे, हे सांगण्यातच आपले आयुष्य गेले. पण मतमोजणीच्या दिवशी संध्याकाळी आपण चटकन पहिल्या पक्षात जातो, आणि लोकांच्या स्वभावावर खापर फोडून मोकळे होतो.

यात आपलेच काही विशेष चुकते असे नाही. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोविषयी लिहिलेले निबंध वाचावयास दिले, काही अनुकूल, काही प्रतिकूल. त्यांतील काहींना स्पष्ट सांगितले होते की, लेखकाने ही बाजू स्वतः निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिलेली होती. तरीही वाचणाऱ्यांचे मत असेच पडले की, अनुकूल निबंध लिहिणारा मनातून थोडाफार कॅस्ट्रोवादी असलाच पाहिजे. परिस्थितीची सक्ती डोळ्यांसमोर असताना माणूस दुसऱ्याच्या कृतीचे मूळ त्याच्या अंतरंगातच शोधतो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये या खोडीला कारणमीमांसेतील मूलभूत प्रमाद असे नाव दिले. गंमत अशी की, स्वतःच्या वागण्याचा जाब द्यावयाची वेळ आली म्हणजे आपण हा प्रमाद सहसा करीत नाही. मग मात्र आपल्याला परिस्थिती बरोबर आठवते.

तथापि 'मानसिकता' असे काही नसतेच, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येणार नाही. या बाबतीत एका अभ्यासाची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते, कारण तो कामगार चळवळीतील माणसांवरच केलेला आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे चळवळीतील माणसांनी तो क्वचितच वाचलेला असतो.

१९२९ साली फ्रँकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेत एरिक फ्रॉम नावाचा तरुण मनोविश्लेषक काम करीत होता. त्याने हिल्डा वाइस आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने जर्मन कामगार आणि कारकून यांच्यासाठी २७१ प्रश्नांची एक प्रचंड प्रश्नावली तयार केली. सुमारे ३,३०० प्रती वाटल्या गेल्या, १९३१ च्या अखेरीपर्यंत सुमारे १,१०० भरून परत आल्या. उत्तरे देणाऱ्यांत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट पक्षांचे पाठीराखे बहुसंख्य होते. नाझींचे मतदान झपाट्याने वाढत होते, आणि फ्रॉमला जाणून घ्यावयाचे होते ते एवढेच : कसोटीची घटका आली तर हे लोक कितपत टिकतील?

हा प्रश्न सरळ विचारून उत्तर मिळत नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणून राज्यसत्ता खरोखर कोणाच्या हाती आहे यासारख्या राजकीय प्रश्नांच्या जोडीला त्याने वरकरणी बिनमहत्त्वाचे वाटणारे प्रश्न पेरले. मुलांना अजिबात न मारता वाढविता येईल असे तुम्हांला वाटते का? विवाहित स्त्रीने नोकरी करावी का? बायकांनी केस आखूड कापणे, पावडर लावणे तुम्हांला आवडते का? घरात भिंतीवर कोणती चित्रे आहेत? माणसाच्या दैवाला तो स्वतःच जबाबदार असतो का? इतिहासातील थोर व्यक्ती कोणत्या? आलेल्या उत्तरांचे शब्द त्याने मनोविश्लेषक रुग्णाचे बोलणे ऐकतो तसे वाचले. शेवटच्या प्रश्नाचेच उदाहरण घ्या. एखाद्याने अलेक्झांडर, सीझर, नेपोलियन, मार्क्स आणि लेनिन अशी यादी दिली, दुसऱ्याने सॉक्रेटिस, कांट, पाश्चर, मार्क्स आणि लेनिन अशी दिली. मार्क्स आणि लेनिन दोन्हीकडे आहेत, पक्षाची वर्गणी दोघेही भरतात. पण पहिला मार्क्सकडे विजेता सेनापती म्हणून पाहतो आणि दुसरा मानवजातीचा उपकारकर्ता म्हणून, असा फ्रॉमचा निष्कर्ष होता.

आणि एकंदर चित्र काय दिसले? राजकीय प्रश्नांवर डाव्या पक्षांच्या पाठीराख्यांची उत्तरे बव्हंशी पक्षाच्या भूमिकेबरहुकूम होती. पण बायको, मुले आणि शिक्षा यांचा विषय निघाला की, त्याच लेखणीतून वेगळीच भाषा उतरू लागे. राजकीय मत आणि स्वभाव यांचा पूर्ण मेळ असलेले, कसोटीला निश्चित उतरतील असे, त्याच्या हिशेबाने सुमारे १५ टक्के भरले. आणखी २५ टक्के भरवशाचे, पण तितक्या निर्धाराचे नव्हेत. उरलेल्यांत बहुसंख्य दोलायमान होते, आणि एक लहानसा गट असा होता की ज्यांची मते समाजवादी पण वृत्ती नखशिखांत हुकूमशाही होती. मत हे वर्तमानपत्रातून, सभेतून, युनियनच्या कार्यालयातून येते, ते काही महिन्यांत बदलू शकते. स्वभाव घरात घडतो, बापाच्या हातातल्या छडीने घडतो, आणि तो मतांच्या मागोमाग निमूटपणे चालत येत नाही, असा या सर्व खटाटोपाचा इत्यर्थ आहे.

या अभ्यासाचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि संस्थेला देश सोडावा लागला. स्थलांतरात पुष्कळ कागद गहाळ झाले आणि अखेरीस ५८४ प्रश्नावल्याच हाती राहिल्या. संस्थेत मतभेद माजले, फ्रॉम तीतून बाहेर पडला, आणि हे पुस्तक जर्मन भाषेत छापून निघाले ते १९८० मध्ये, ज्या वर्षी फ्रॉम वारला त्याच वर्षी. ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांच्या हाती ते पन्नास वर्षे उशिरा पडले.

आता यावर आक्षेप घेण्यास भरपूर जागा आहे. प्रश्नावली भरून परत पाठविणारे लोक सगळ्या जर्मन कामगारवर्गाचे प्रतिनिधी ठरत नाहीत. भिंतीवरच्या चित्रावरून माणसाचे अंतरंग वाचणे हे थोडेसे ज्योतिषाच्या अंगाने जाते. शिवाय प्रत्यक्ष इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या विरुद्ध, सभागृहात गणवेषधारी गुंडांचा पहारा असताना, ९४ सोशल डेमोक्रॅट प्रतिनिधींनी मत दिले. त्यांचा एकही मनुष्य फुटला नाही. आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत मध्यवर्ती कामगार संघटनेच्या नेत्यांनी आपल्या सभासदांना नाझी सरकारच्या १ मेच्या सोहळ्यात सामील होण्याचे आवाहन केले. २ मे रोजी सकाळी त्याच संघटनेच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. या दोन घटनांतील माणसे काही निरनिराळ्या हाडामांसाची नव्हती.

फ्रॉमने सुरू केलेले हे सूत्र पुढे थिओडोर अडोर्नो आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी अमेरिकेत उचलले. १९५० साली 'हुकूमशाही वृत्तीचे व्यक्तिमत्त्व' या विषयावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. वरिष्ठांपुढे वाकावयाचे आणि कनिष्ठांना वाकवावयाचे, अशा माणसाची मोजपट्टीच त्यांनी बनविली. पण त्या मोजपट्टीतील सर्व विधाने अशी रचलेली होती की, कशालाही 'होय' म्हणणारा भिडस्त मनुष्य आपोआप हुकूमशाही वृत्तीचा ठरावा! टीकाकारांनी हे लगेच दाखवून दिले, आणि अशी वृत्ती डाव्यांतही असू शकते हा मुद्दा ग्रंथाने टाळला, हेही दाखविले. तो वाद अजून चालू आहे. मी त्यात शिरत नाही.

त्याऐवजी एक जुनी आठवण सांगतो. ती सांगण्यात मला अभिमान वाटावा असे काही नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांच्या बैठकीला मी हजर होतो. एका तरुण सहकाऱ्याला शिस्तभंगाबद्दल संघटनेतून काढून टाकण्याचा ठराव होता. त्याचा शिस्तभंग असा की, दुष्काळ निधीचा हिशेब त्याने उघड सभेत मागितला होता. बैठकीचे अध्यक्ष वयाने आणि त्यागाने आम्हा सर्वांहून मोठे. त्यांनी ठराव वाचला, 'हा एकमताने व्हावा अशी माझी इच्छा आहे' असे म्हटले, आणि आपला हात वर केला. त्यांच्या डावीकडच्याने केला, मग त्याच्या शेजारच्याने. मी बाराव्या की तेराव्या जागी बसलो होतो. माझ्यापर्यंत येता येता तो हातांचा क्रम एखाद्या निसर्गनियमासारखा वाटू लागला होता. मीही हात वर केला. ठराव एकमताने संमत झाला. त्यानंतर एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना चार सहकाऱ्यांनी, एकेकट्याने, मला बाजूला घेऊन सांगितले की, झाले ते बरे झाले नाही. प्रत्येकाची समजूत अशी होती की, असे वाटणारा आपण एकटाच. तो तरुण पुन्हा कोणत्याही चळवळीत दिसला नाही. पुढे त्याने किराणा मालाचे दुकान काढले. पुष्कळ वर्षे मी त्या रस्त्याने जाणे टाळीत असे.

आता सांगा, त्या बैठकीतील तेवीस माणसांचे व्यक्तिमत्त्व हुकूमशाही वृत्तीचे होते काय? त्यांतील तिघे आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले होते.

या प्रसंगाचा अर्थ मला पुढे सॉलोमन अ‍ॅश यांचे लेखन वाचताना लागला. अ‍ॅश मूळचे वॉर्साचे, लहानपणी अमेरिकेत गेलेले. १९५० च्या सुमारास त्यांनी केलेला प्रयोग शाळकरी मुलालाही समजेल असा आहे. सात ते नऊ विद्यार्थी ओळीने बसलेले. समोर दोन पुठ्ठे. एकावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर कमीजास्त लांबीच्या तीन रेघा. या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगावयाचे. फरक इतका ढळढळीत की, एकट्या माणसाची शंभरात एकदाही चूक होऊ नये. पण ओळीतील एकाखेरीज सर्वजण अ‍ॅश यांचे शिकविलेले होते. अठरांपैकी बारा वेळा ते ठरवून एकच चुकीचे उत्तर देत. उरलेला तो एक खरा विद्यार्थी शेवटाच्या आसपास बसलेला. डोळ्यांना एक दिसते आहे आणि कानांवर दुसरे पडते आहे, अशा पेचात त्याने काय करावे?

या बारा वेळांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने गेली. जवळजवळ तीन चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी वाकले, आणि एक चतुर्थांश एकदाही वाकले नाहीत. यातील पहिलाच आकडा उगाळण्याची चाल पडली आहे. पण दोन तृतीयांश उत्तरे बरोबरच आली होती, हेही तितकेच खरे, आणि खुद्द अ‍ॅश यांचा भर त्यावर होता. झुंडशाहीचा पुरावा म्हणून या प्रयोगाकडे पाहणाऱ्यांनी तो अर्धाच वाचला आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते या प्रयोगाचे पोटभेद. बहुमताची संख्या वाढवून पाहिली, तर तीन माणसांपाशी दडपणाचा जोर जवळजवळ पुरा होतो, पुढे माणसे वाढविल्याने तो फारसा वाढत नाही. पण त्या बहुमतात एकच मनुष्य फुटीर ठेवला, खरे उत्तर देणारा, तर चुका एक चतुर्थांशावर येतात. म्हणजे दडपणाचे बळ संख्येत नसून एकमतात असते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, तो फुटीर मनुष्य बरोबर उत्तर देणारा असावा लागतो असेही नाही. तो बहुमताहूनही अधिक चुकीचे उत्तर देत असला, तरी त्याच्या नुसत्या वेगळेपणाने शेजाऱ्याची जीभ बरीचशी मोकळी होते. त्या बैठकीत एखाद्याने भलत्याच कारणासाठी ठरावाला विरोध केला असता, तरी ते चौघे आणि पाचवा मी काही वेगळे वागलो असतो की काय, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

अ‍ॅश यांच्या हाताखाली काही काळ काम केलेल्या स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा प्रयोग तुम्हांपैकी अनेकांनी ऐकला असेल. १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी सामान्य नागरिकांना बोलावून, शिकण्यात चुकणाऱ्या माणसाला विजेचे धक्के देण्यास सांगितले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. एका प्रयोगमालिकेत चाळीसपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. अलीकडे जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासून काही अभ्यासकांनी दाखविले आहे की, भाग घेणाऱ्यांतील कित्येकांना संशय आला होता, आणि आज्ञा देणारा ठरलेल्या शब्दांपलीकडे जाऊन आग्रह करीत असे. तेव्हा त्या २६ च्या आकड्यावर मोठे तत्त्वज्ञान उभारू नये. परंतु त्याच प्रयोगाच्या एका प्रकारात दोन सहकारी मध्येच उठून 'आम्ही हे करणार नाही' म्हणतात. तेव्हा चाळीसपैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. एवढ्या प्रसिद्ध प्रयोगातील ही बाजू भाषणांतून फारशी ऐकू येत नाही.

येथे कुर्ट लेविन यांचे नाव घेतले पाहिजे. ते १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. वर्तन हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंवर मिळून अवलंबून असते, हे त्यांचे सूत्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. त्याचा अर्थ त्यांनी आयोवा येथे दहा वर्षांच्या मुलांचे छंदवर्ग चालवून दाखविला. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट हे त्यांचे सहकारी, आणि निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते १९३९ मध्ये. काही वर्गांत प्रमुख सर्व काही स्वतः ठरवी आणि हुकूम सोडी, काहींत मुलांशी चर्चा करून ठरवी, काहींत नुसता बसून राही. हुकमी वर्गात काम कमी होत होते असे नाही, उलट काही वेळा अधिकच होत होते. पण प्रमुख खोलीबाहेर गेला की, तेथले काम झपाट्याने ढासळे, आणि चर्चेच्या वर्गातले जवळजवळ तसेच चालू राही. हुकमी वर्गांत एकतर मरगळ असे किंवा आपापसांत भांडणे, आणि राग काढण्यासाठी एखाद्या मुलाला धरून छळले जाई. प्रमुखावर राग काढता येत नाही, तो कोणावर तरी निघतो. एकच मूल एका वर्गातून दुसऱ्यात नेले की, त्याचे वागणे बदले. येथे नेता म्हणजे परिस्थितीचाच एक मोठा भाग असतो.

हे सारे पाश्चात्त्य मुलांचे झाले, आपल्याकडचे लोक वेगळे, असा आक्षेप येईल, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, भारतीय कामाच्या ठिकाणी परिणामकारक ठरतो तो वत्सल पण कामाबाबत कडक नेता. हाताखालच्या माणसांना त्याची माया हवी असते आणि मार्गदर्शनही. आपल्या चळवळींत नेत्याला अण्णा, नाना, भाई म्हणण्याची जी रीत पडली ती काही उगाच पडली नाही. पण सिन्हांच्या म्हणण्याचा पुढचा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. माणसे तयार होत जातील तसतशी त्या नेत्याने लगाम सैल करीत जावे आणि सहभागाची पद्धत आणावी, असे त्यांनी सांगितले होते. आपल्याकडे अण्णा आयुष्यभर अण्णाच राहतात, आणि पन्नाशी उलटलेले कार्यकर्तेही त्यांच्यापुढे पोरेच.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविषयी जो इशारा दिला, तो आपण दरवर्षी सभांतून उद्धृत करतो, आणि करताना बहुधा इतर पक्षांच्या नेत्यांकडे बोट दाखवितो. फ्रॉमच्या प्रश्नावलीसारखी एखादी प्रश्नावली या शिबिरात वाटली तर काय उत्तरे येतील, याचा मी विचार करीत होतो. घरात निर्णय कोण घेतो, मुलीच्या लग्नात जात पाहिली की नाही, आणि अध्यक्षांच्या मताविरुद्ध शेवटचे कधी बोललात? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर तुमच्या स्वभावावर अवलंबून असेल. तिसऱ्याचे मात्र पुष्कळसे बैठक कशी चालविली जाते यावर अवलंबून असेल. स्वभाव बदलावयास एक पिढी लागेल, बैठकीची पद्धत पुढच्या रविवारी बदलता येते. गुप्त मतदान घ्यावे, ठराव आदल्या दिवशी लेखी द्यावा, ज्येष्ठांनी शेवटी बोलावे, आणि 'एकमताने' हा शब्द काही काळ तरी इतिवृत्तातून हद्दपार करावा.

अ‍ॅश यांची एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. काही प्रयोगांत तो खरे बोलणारा सोबती निम्म्या वाटेवर बहुमताला जाऊन मिळे. तेव्हा एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या चुका एकदम वाढत. दुसऱ्या काही प्रयोगांत तो सोबती काही काम असल्याचे निमित्त सांगून खोलीतूनच निघून जाई. तेव्हाही चुका वाढत, पण पहिल्याइतक्या नव्हेत. त्याने दिलेले बळ त्याच्यामागे काही काळ टिकत असे. नंतर चौकशी केली असता विद्यार्थी त्या सोबत्याविषयी जिव्हाळ्याने बोलत, मात्र त्याच्यामुळे आपण ठाम राहिलो, हे बहुतेकांना मान्य नसे. आपण जे डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले, असे त्यांचे म्हणणे.

माझा वेळ संपला आहे. आता प्रश्नोत्तरे घ्यावयाची आहेत असे संयोजक खुणावीत आहेत. माझी एकच विनंती. प्रश्न मागच्या सतरंजीपासून सुरू करावेत, आणि शिबिरप्रमुखांनी आपला प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.